पूर्ण न्याय आणि दुपारची झोप

न्यायमूर्ती निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांना एकच गोष्ट हवी होती: दुपारची झोप. समोर वकील पेंगले तरी आपण टक्क जागं राहायचं, असली मेली ती नोकरी! आज आरामखुर्चीत पाय पसरले, पापण्या जडावल्या, पंख्याचा आवाज लांब लांब जाऊ लागला, आणि खिडकीखालच्या गादीवर दोन नातींचं जुंपलं.

"आजोबा, पडदा उघडाच हवा. मला ढग बघत झोपायचंय!" थोरली म्हणाली.

"माझ्या डोळ्यांवर उजेड येतो ना!" धाकटी रडकुंडीला आली.

घरात कायदा आजीचा: खिडकीलगत जो झोपेल, त्याच्या मनासारखा पडदा. खिडकीलगत थोरली होती, म्हणजे संपलंच. पण धाकटीचा थरथरता ओठ पाहून न्यायमूर्तींना गलबलून आलं. कायदा तोकडा पडला, तर पूर्ण न्यायासाठी योग्य वाटेल तो हुकूम द्यायचा, हा सर्वोच्च न्यायालयाचा खास अधिकार. कोर्टात त्यांनी तो मिठासारखा चिमटीने वापरला होता. आता अर्धवट झोपेत मूठच सुटली.

"हा पडदा बंद. समोरच्या खिडकीचा उघडा. थोरलीने तिकडचे ढग बघावेत."

समोरच्या खिडकीखाली सोफ्यावर रात्रपाळी करून आलेला मुलगा झोपला होता. ऊन थेट तोंडावर!

"बाबा, मी कुणाचं काय घोडं मारलंय?"

खरंच की! त्याची बाजू ऐकलीच नव्हती. न्यायमूर्तींनी त्याला आतल्या खोलीतला आपला पलंग बहाल केला. थोड्याच वेळात बायको उशी घेऊन बाहेर आली.

"लेक घोरतोय की करवत चालवतोय? मला न विचारता निकाल दिलातच कसा?"

बिचाऱ्यांनी तिला आरामखुर्ची दिली. ती टेकली न टेकली तोच डोळे मिटले.

"आजोबा, तिकडे ढग नाहीतच, पाण्याची टाकी आहे," थोरली कुरकुरली.

न्यायमूर्ती खोलीच्या मधोमध उभे. डोळ्यांत झोप दाटलेली आणि टेकायला जागा नाही. पडदे, भिंती, माणसं, सगळं स्वप्नातल्यासारखं संथ तरंगत होतं.

"आणि माझा न्याय?" ते कळवळून म्हणाले.

"तुमच्यावर कुठलं कोर्ट?" बायको डोळे न उघडता म्हणाली.

धाकटी बाजूला सरकली. "आजोबा, या इथे मध्ये. ताई, उघड आता पडदा."

ते आडवे झाले. थोरलीला हवे तेवढे ढग मिळाले, आणि आजोबांच्या पोटामागे धाकटीला ऐसपैस सावली.

"हलायचं नाही हं," धाकटीने बजावलं. "आणि घोरायचंही नाही."

"हुकूम शिरसावंद्य," म्हणता म्हणता ते घोरू लागले.