मूळ प्रत: आई

घरी फोटो छापायचे यंत्र कोणते घ्यावे, एवढाच निर्णय मुद्रितशोधकाला करायचा होता. दिवसभर पाठ्यपुस्तकांतल्या चुका काढणारा हा अबोल तरुण फावल्या वेळात दवबिंदूंचे, गंजलेल्या कड्यांचे आणि रिकाम्या बाकांचे फोटो काढीत असे. आईचा त्याने एकदाच काढला, तोही जवळजवळ चुकून. खिडकीशी बटण लावता लावता ती कशालातरी हसली होती. तिची थोरली बहीण, म्हणजे त्याची मावशी, दूरच्या गावी राही. तिची नजर विझत चालली होती. मोबाइलच्या काचेवर तिला नुसती चकाकी दिसे.

"हातात धरता येईल असा पाठव रे," मावशी फोनवर म्हणाली. "दिसतंय तोवर बघून घेते."

"कोपऱ्यावरचा दुकानदार दहा मिनिटांत काढून देतो," आईने सुचवले.

मुद्रितशोधकाच्या चेहऱ्यावर जखम झाल्यासारखे भाव आले. दुकानातून फोटो काढून आणणे हे हौशी छायाचित्रकार मंडळात, सुगरणीने शेजारणीकडून भाजी मागून आणण्याइतकेच हलके समजले जाई. त्याने मंडळाकडे रीतसर सल्ला मागितला.

मंडळाच्या बैठका दर रविवारी दातांच्या दवाखान्यात भरत, कारण दंतवैद्य अध्यक्ष होते आणि तिथला दिवा निःपक्षपाती होता. चिटणीसपद एका निवृत्त वजनमापे निरीक्षकांकडे होते. उभ्या हयातीत त्यांनी कुठलेही माप पडताळल्याशिवाय खरे मानले नव्हते. सहा शायांचे यंत्र घ्यावे की आठ, शाई फवारणारे की रंगीत फीत तापवून उमटवणारे, यात तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी आईचा तोच फोटो चार यंत्रांवर छापून आणला गेला. चारही आया वेगळ्या निघाल्या.

"यातली खरी कोणती?" अध्यक्षांनी विचारले.

"मूळ प्रत समोर असल्याशिवाय कसं सांगणार?" चिटणीस म्हणाले.

मूळ प्रत हजर करण्यात यावी, असा ठराव एकमताने झाला.

आई आली. तिला रुग्णांच्या खुर्चीत मागे झुकवण्यात आले, दिवा तोंडावर ओढला गेला आणि सात सभ्य गृहस्थ तिच्या गालाशी पाळीपाळीने चार फोटो धरू लागले. अध्यक्षांनी दातांच्या रंगछटा जुळवायची पट्टीही आणली.

"काकू, जिना चढून आलात का? गाल लाल दिसतायत."

"मग काय उडत येऊ?" आई म्हणाली. "चार आहेत ना फोटो? त्यातला एक द्या, बहिणीला पाठवते. ती वाट बघतेय."

"अप्रमाणित प्रत बाहेर जाऊ देता येत नाही," चिटणीस हळहळून म्हणाले. "उद्या त्या तुम्हाला भलत्याच रंगाच्या समजून बसतील."

"साठ वर्षं ओळखते हो ती मला."

"पडताळून नव्हे."

यानंतर मूळ प्रतीसाठी सूचनापत्र निघाले. तिने अर्धा तास आधी येऊन स्वस्थ बसावे, पावडर लावू नये, उन्हात फिरू नये, शनिवारी कोणावर रागावू नये. पुढे असे लक्षात आले की फोटोत ती हसते आहे आणि खुर्चीत मुळीच हसत नाही.

"फोटोत आहे तेवढंच हसा, काकू."

"तेवढं म्हणजे किती?"

"आत्ता दोन दात जास्त दिसतायत," अध्यक्ष म्हणाले.

मावशीचा फोन दर आठवड्याला येई. "निघाला का रे फोटो?" मुद्रितशोधक म्हणे, "अंतिम टप्प्यात आहे." हे उत्तर त्याने मनातल्या मनात दोनदा तपासले, त्यात व्याकरणाची चूक नव्हती.

पाचव्या महिन्यात तिसऱ्या क्रमांकाचे यंत्र सर्वमान्य झाले. फक्त शेवटच्या पडताळणीत गालाची कड अर्ध्या बोटाने चुकत होती. चिटणीसांनी फोटो उलटसुलट पाहिला, आईला पाहिले आणि शेरा लिहिला: 'मुद्रित प्रत निर्दोष. मूळ प्रत वाळली आहे. सुधारून पुन्हा सादर करावी.'

आईने शेरा वाचला, घरी येऊन पिशवी भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने बहिणीकडे गेली.

"आई, येत्या रविवारी शेवटचीच बैठक आहे," मुद्रितशोधक फोनवर म्हणाला.

"तिला आता काहीच दिसत नाही रे." आई म्हणाली. "माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, आणि म्हणाली, वाळलीस गं."

रविवारी त्याने हे जसेच्या तसे मंडळाला सांगितले. खुर्ची मोकळी होती. दिवा मात्र सवयीने लावलेला होता.

चिटणीसांनी कोरा कागद पुढे सरकवला. "मग लेखी वर्णनावर भागवू. तुम्ही घरचे. मूळ प्रत कशी दिसते ते लिहून द्या, फोटो न बघता."

मुद्रितशोधकाने लेखणी घेतली. 'चेहरा' असे लिहिले आणि थांबला. दुसऱ्यांच्या मजकुरातला निसटलेला अनुस्वार हाताच्या अंतरावरून टिपणाऱ्या त्या माणसाला पुढचा शब्द सापडेना. चिटणीसांनीही घाई केली नाही. तेही छताकडे पाहत स्वतःची एक मूळ प्रत आठवू लागले होते, आणि अध्यक्षांना तर नुसते दात आठवत होते.

आपण इथवर हसत आलात, ते योग्यच झाले. आता फोन पालथा ठेवा आणि सांगा: आपल्या आईच्या हनुवटीवर तीळ आहे काय, आणि असल्यास कोणत्या बाजूला? उत्तर लेखी द्यावे.