युरियाबंदी

शुद्धता माणसाच्या अंगी मुळात नसते. ती ठराव करून आणावी लागते. राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावानं ती एकमतानं आणली. (दोघे विरोधात होते, पण त्यांचे हात मोजेपर्यंत चहा आला.) ठराव सोपा होता. गावात रसायन नको, आणि ज्याच्याकडे युरिया सापडेल त्याला वर्षभर गावबंदी. रसायनमुक्ती समितीचे अध्यक्ष झाले गहिनीनाथअण्णा. शब्दाला इतका पक्का माणूस पंचक्रोशीत नाही, आणि गावावर संकट आलं ते त्यामुळेच.

पहिली कारवाई बनुबाईच्या दुधावर झाली. डेअरीच्या यंत्रानं दुधात प्रथिनं, मेद आणि लॅक्टोज असल्याचं दाखवलं.

"ह्ये लॅक्टोज कुनी टाकलं?" अण्णांनी विचारलं.

"म्हशीला इचारा," बनुबाई म्हणाली. "म्या निस्ती धार काढली."

समितीनं म्हशीची रीतसर पाहणी केली. एका बाजूनं कडबा आत जातो, दुसऱ्या बाजूनं प्रथिन बाहेर येतं, हे सदस्यांनी डोळ्यांनी पाहिलं. म्हैस हा विनापरवाना रासायनिक कारखाना ठरला आणि बनुबाईचं दूध बंद झालं. घर त्याच दुधावर चालायचं. ती रडत शाळेतल्या सुकन्या मॅडमकडे गेली.

मॅडम ग्रामसभेत उभ्या राहिल्या. "अण्णा, सजीवात सगळं रसायनच असतं. भाकरीतलं पिष्ट म्हणजे साखरेची लांब साखळी. डाळीतलं प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. पाणीसुद्धा हायड्रोजन आणि ऑक्सिजनचंच बनलेलं असतं."

सभा सुन्न झाली. डाळीत आम्ल! एवढा मोठा कट उघडकीला आणल्याबद्दल मॅडमच्या अभिनंदनाचा ठराव झाला. मॅडम डोकं धरून खाली बसल्या.

आणि अण्णांनी पाणी सोडलं.

ऐन एप्रिलात दुसऱ्या दिवशी दुपारी ते पारावर कोसळले. शेजारचे पुंजाराम नुसते ओरडत राहिले. बनुबाईनंच दुधाचा रिकामा टेम्पो काढायला लावला आणि अण्णांचं डोकं मांडीवर घेऊन त्यांना दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "युरिया वाढलाय."

पुंजाराम समितीचे उपाध्यक्ष होते. त्यांचा चेहरा उतरला. "अण्णा, तुमीसुदिक? गोनी कुठं लपवली हुती?"

"गोनी न्हाई रं," अण्णा क्षीण आवाजात म्हणाले. "रगतातच हाय."

नियम तो नियम. दवाखान्यातून सुटल्यावर अण्णा घरी गेलेच नाहीत. वेशीबाहेरच्या लिंबाखाली जाऊन बसले. बनुबाईनं तांब्या पुढे केला. "प्या. हितं तुमचा ठराव लागू न्हाई."

अण्णांनी तांब्या एका दमात रिता केला. मग हळूच म्हणाले, "बनू, तुझं दूध बंद केलं ती चूकच झाली माझी."

"सकाळी पाठवते," ती म्हणाली. "लॅक्टोजसकट."

मॅडमनी शेवटचा प्रयत्न केला. युरिया प्रत्येकाच्याच रक्तात असतो, असं त्यांनी सभेला सांगितलं. अण्णा सुटतील, ही त्यांची अपेक्षा. सभेनं सगळ्यांची तपासणी केली. सगळेच दोषी निघाले. (पाळण्यातलं एक पोरही. ते लोकांच्या अंगावर पुरावा उडवत होतं.) संध्याकाळपर्यंत अख्खं गाव म्हशींसकट वेशीबाहेर लिंबाखाली राहायला आलं. चुली पेटल्या, डाळ शिजली, लोक आम्लं मिटक्या मारत खाऊ लागले.

सोमवारी जिल्ह्याच्या ‘रसायनमुक्त गाव’ स्पर्धेचं तपासणी पथक आलं. गावात खत नाही, दूध नाही, माणूस नाही. असं निर्मळ गाव जिल्ह्यात दुसरं नाही, असा शेरा मारून पथकानं पहिलं बक्षीस दिलं. ते घ्यायला गावात कुणीच नव्हतं, म्हणून वेशीवरून फेकलं. पुंजारामांनी झेललं.

शहरी वाचक यावर हसतील. जरूर हसावं. मात्र नंतर न्हाणीघरात जाऊन आपल्या महागड्या शांपूच्या बाटलीवर एक नजर टाकावी. ‘केमिकल-फ्री’ बघूनच घेतलाय ना? ते खरं असेल तर बाटलीत काहीच नाही, आणि तुम्ही गेले कित्येक महिने त्यानंच केस धुताय.