नवव्या स्वर्गातला मुक्काम

समुद्रापलीकडच्या इलोइलो शहरात कसं जायचं, कुठं उतरायचं आणि कुठं राहायचं, हे आमच्या हिनिगारान गावात कुणाला विचारायचं असेल, तर ते मला! तिथल्या खलाशी कॉलेजात मी चार वर्षं काढलीत. जहाजावर नोकरीला मात्र कधी चढलो नाही, कारण पहिल्याच सरावात मी शिकवणाऱ्यांच्या बुटांवर सकाळचा नाश्ता परत केला! त्यानंतर मी ग्लेंडाशी लग्न केलं, सासूच्या घरात राहायला आलो आणि सासूचंच खतांचं दुकान सांभाळू लागलो. पण शहराची माहिती ती माहिती. ती काय समुद्रात बुडत नाही!

तर झालं असं. आमच्या चर्चच्या महिला मंडळानं इलोइलोतल्या हारोच्या कांदेलारिया माउलीच्या सणाला जायचं ठरवलं. मंडळाच्या अध्यक्षा मानांग त्रिनिंग, म्हणजे सगळ्यांच्या थोरल्या ताई, यांची भाची नन आहे, म्हणून मठातच उतरायचं होतं. पण ऐन वेळी मठात कुणी बिशप आले, ते एकटे आले नाहीत, आणि आमच्या बायकांच्या खोल्या गेल्या. मंडळ आमच्या ओसरीवर बसून हळहळत होतं. मी सहज पुतो, म्हणजे वाफवलेला तांदळाचा केक, उचलायला बाहेर आलो आणि तोंडात पुतो असतानाच म्हणालो, "एवढंच ना? मी आहे की!"

आत आल्यावर ग्लेंडानं मला चिमटा काढला. "सणाच्या दिवसांत इलोइलोत उंदराला बीळ मिळत नाही. तू आठ बायकांना कुठं ठेवणार?"

"तू फक्त बघ!"

मी फोन करत सुटलो. सगळीकडं भरलेलं! एका ठिकाणची बाई तर पोटभर हसली आणि हसता हसताच तिनं फोन ठेवला. शेवटी एका जुन्या जाहिरातीवर नाव दिसलं, 'नववा स्वर्ग'. फोन लावला.

"शांत आहे ना?" मी विचारलं.

"सर, इतकं शांत की आत कोण आहे हे शेजारच्या खोलीलाही कळत नाही."

"स्वच्छता?"

"चादरी दर तीन तासांनी बदलतो, सर."

मी थक्क! आमच्या घरात चादर बदलते ती ईस्टरला!

"बायकांच्या दृष्टीनं सुरक्षित?"

"आम्ही कुणाचं नाव विचारत नाही, सर. कुणाच्या तोंडाकडं बघतसुद्धा नाही."

याला म्हणतात सभ्यपणा! मी म्हणालो, "मग तुमची सगळ्यात मोठी खोली ठेवा. आठ बायका आहेत आणि एक मी."

 पलीकडून हलकेच आवाज आला, "सर... सगळ्या एकदम?"

"एकदम नाही तर काय पाळीपाळीनं? वयस्कर बायका आहेत. त्यांना एकत्र राहायची सवय आहे!"

"सर, तुमची तब्येत बरी असते ना?"

"ठणठणीत!" मी म्हणालो. अशी आपुलकीनं चौकशी करणारी माणसं हल्ली राहिलीत कुठं?

मंडळाला नाव फार आवडलं. "माउलीच्या सणाला स्वर्गात झोपायचं!" मंडळातलीच माझी सासू, नानाय म्हणजे आई सालूद, हरखून म्हणाली. मानांग त्रिनिंगनी नाक मुरडलं. "नववाच का?"

"बाकीचे आठ भरले असतील," मी म्हणालो.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी बसनं बाकोलोद बंदर गाठलं आणि तिथून बोट पकडली. वारा असा सुटला होता, की बोट पाळण्यासारखी नाही, सुपासारखी पाखडत होती! बायका खणखणीत आवाजात स्तोत्रं गात होत्या आणि मी कठड्याला मिठी मारून समुद्राला सगळं सांगत होतो. इलोइलोच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा मी पिकल्या पपईसारखा पिवळा पडलो होतो. तरी छाती पुढं काढून एक अख्खी जीपनी, म्हणजे जीपची लांबलचक बस, ठरवली.

"कुठं जायचं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नववा स्वर्ग."

त्यानं तोंडातली काडी काढली. मागं वळून पाहिलं. पांढरे ब्लाउज, गळ्यात निळ्या फिती, हातात जपमाळा आणि काखेत हातभर लांब मेणबत्त्या.

"या सगळ्यांना?"

"हो."

"आणि तुम्ही?"

"मीच तर घेऊन चाललोय!"

त्यानं छातीवर क्रुसाची खूण केली आणि गाडी सुरू केली. वाटभर तो आरशातून माझ्याकडं बघत मान तेवढी हलवत राहिला.

'नववा स्वर्ग'ला उंच भिंत होती आणि रस्त्याकडं एकही खिडकी नव्हती. आत ओळीनं खोल्या, प्रत्येक खोलीखाली गॅरेज आणि प्रत्येक गॅरेजला वरून खाली येणारा जाड पडदा. पहारेकऱ्यानं शिट्टी फुंकून आमची जीपनी एका गॅरेजात घुसवली. पण जीपनी म्हणजे काही तीनचाकी नव्हे! ती निम्मी आत गेली आणि अडकली. तरी त्या नियमाच्या माणसानं पडदा खर्रकन खाली ओढलाच! तो बसला जीपनीच्या टपावर. सात बायका आत अंधारात. 'देव आमच्या प्रवासाचं रक्षण करो' ही मागची पाटी आणि मानांग त्रिनिंग, एवढंच बाहेर!

"मॅडम, तोंड झाका!" पहारेकरी ओरडला. "कुणीतरी बघेल!"

"का झाकू? मी अध्यक्ष आहे!"

मला पहिली शंका आली. मी धावत जिना चढून खोलीचं दार उघडलं. लाल दिवा, गोल पलंग आणि छताला भला मोठा आरसा! येशू-मारिया-योसेफ! माझ्या पायांखालची जमीन सरकली, आणि वर पाहिलं तर ती सरकताना दिसलीही!

माझ्या मागोमाग बायका आत आल्या.

"पलंग गोल का रे?" मानांग त्रिनिंगनी विचारलं.

"म्हणजे... कुणाचं डोकं कुणाच्या पायाशी येत नाही."

"आणि आरसा वर का?"

"सकाळी उठल्या उठल्या केस नीट करता येतात. पडल्या पडल्या!"

आता सांगतो, आमच्याकडची माणसं रागावली तरी गाणं म्हटल्यासारखी बोलतात. त्यातही नानाय सालूदचा आवाज जितका गोड, तितका समोरच्यानं जीव मुठीत धरायचा. ती आरशाकडं बघत राहिली आणि मधात बुडवल्यासारखी म्हणाली, "छान आहे हं, तोतो."

माझी पाचावर धारण बसली! जावई टकला झाला तरी सासूला तो 'तोतो', म्हणजे बाळच असतो, पण हा 'तोतो' त्यातला नव्हता. तेवढ्यात कुणीतरी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, बघायला टीव्ही लावायला निघालं. मी असा झेपावलो, की वायर, प्लग आणि भिंतीतलं थोडं सिमेंट माझ्या हातात आलं!

"बिघडलाय!" मी म्हणालो. आणि आता तो खरंच बिघडला होता.

थोड्या वेळानं फोन वाजला. "सर, तीन तास होत आले. थकला नसाल तर वाढवू?"

"सकाळपर्यंत!" मी दबक्या आवाजात ओरडलो.

"सकाळपर्यंत!" पलीकडची बाई कुणाला तरी आदरानं सांगताना ऐकू आली.

संध्याकाळी चर्चची घंटा झाली आणि बायकांनी जपमाळा काढून रोझरी सुरू केली. हे मंडळ म्हणजे आमच्या चर्चचा गायकवृंद. आठ जणींचा आवाज एकदम सुटला, की बंदरातल्या होड्या सुटून जातात! शांत म्हणवणाऱ्या त्या भिंती कागदासारख्या निघाल्या. 'आम्हा पाप्यांसाठी विनंती कर' हे वाक्य तर त्या अशा काही भरात म्हणत होत्या, की प्रत्येक खोलीला ते आपल्यालाच उद्देशून वाटावं.

आणि तसंच वाटलं! खाली खर्रकन एक पडदा वर गेला. मग दुसरा. गाड्या दिवे न लावता सुसाट बाहेर पळू लागल्या. एक तरुण एकाच बुटानं धावला. दुसरा अंगणात गुडघे टेकून रडायलाच बसला. मॅनेजर हात जोडत वर आला. "सर, पाया पडतो, आवरा! अर्धी गिऱ्हाइकं कबुली द्यायला चर्चकडं गेली!"

गडबड ऐकून बायकाही खाली अंगणात आल्या. तेवढ्यात शेजारच्या दारातून डोक्यावर टॉवेल घेतलेला एक पुरुष आणि उघड्या छत्रीआड लपलेली एक बाई बाहेर पडली. पुरुष पायरीला अडखळला आणि टॉवेल घसरला.

"कपितान सेवेरो!" नानाय सालूद किंचाळली.

आमच्याच वस्तीचा प्रमुख! गेल्याच महिन्यात यानं समुद्राच्या बांधावर जोडप्यांनी बसायला बंदी घातली होती. हा हारोच्या कोंबड्यांच्या झुंजी बघायला आलाय, असं अख्खं गाव समजत होतं.

"आणि ही कोण?" मानांग त्रिनिंगनी मेणबत्ती तलवारीसारखी रोखली. "बिचारी नीदा तिकडं तुझी सहा पोरं सांभाळतेय! लाज नाही वाटत?"

छत्री हळूहळू खाली आली.

"मीच आहे, मानांग," नीदा म्हणाली. त्याची लग्नाची बायको!

आठ तोंडं उघडली ती उघडीच राहिली. माझं नववं.

"बहिणीकडं जाते म्हणून निघाले," नीदा रडकुंडीला आली. "करू काय? घरात सहा पोरं, सासूबाई, ह्यांची आत्या, आणि मधे एक प्लायवूडची फळी! सासूबाईंना झोप येत नाही, आणि फळीपलीकडून विचारत राहतात, कसला आवाज गं?"

 एकेकीनं मान खाली घातली. त्या आठ जणींपैकी प्रत्येकीनं कधी ना कधी अशाच फळीआड संसार केला होता. नानाय सालूद पुढं झाली आणि तिनं नीदाचा हात धरला.

"जा, आत जा पोरी. आम्ही हळू म्हणू."

आणि खरंच, उरलेली रोझरी त्यांनी कुजबुजत म्हटली! पण त्याआधी त्या सगळ्या माझ्याकडं वळल्या. आपण कसल्या जागी उतरलोय हे एव्हाना सगळ्यांना उमगलं होतं. मानांग त्रिनिंग धप्पकन पायरीवर बसल्या. नानायनं जगातला सगळा ऊस पिळून एक शब्द काढला, "तोतो..."

"हो, नानाय."

"जीपनीत झोप."

गावी परतलो. मग शनिवारी दुपारी नानाय कपड्यांची पिशवी भरून म्हणाली, "आजपासून दर शनिवारी मी त्रिनिंगकडं झोपायला जाणार. माणसांना मोकळं घर लागतं. आधीच कळायला हवं होतं मला."

देवमाणूस हो, देवमाणूस! मी उड्या मारत जाऊन निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी आणली, शर्टाला इस्त्री केली. ग्लेंडानं लग्नातलं अत्तर शोधून काढलं. अंधार पडायच्या सुमाराला दारावर टकटक झाली.

दारात कपितान सेवेरो. काखेत उशी. मागं नीदा, हातात धुतलेली चादर.

"नानाय सालूदनी सांगितलं, घर मोकळं ठेवलंय म्हणून," कपितान जमिनीकडं बघत म्हणाला. "दर शनिवारी."

मी ग्लेंडाकडं पाहिलं. नीदानं तिच्या हातात आपल्या घराची किल्ली ठेवली. "पोरांची जेवणं झालीत. धाकट्याला गोष्ट लागते. आत्याबाई घोरतात, तिकडं लक्ष देऊ नका. आणि तुमचे उपकार कसे फेडू!"

तेव्हापासून दर शनिवारी मी कपितानच्या घरी सहा पोरांच्या मधे आडवा पडलेला असतो. कुणाचा पाय माझ्या पोटावर, कुणाचा नाकात. फळीच्या पलीकडून ग्लेंडा हळूच विचारते, "झोपलास का रे?"

आणि मी तोंड उघडायच्या आत कपितानची आई उत्तर देते, "नाही!"