वळणावरची खाट

खामगावातल्या आमच्या सरकीगल्लीत रोज सकाळी रस्त्यावर एक खाट यायची. कडेला नाही, वळणाच्या ऐन तोंडाशी, जवळजवळ मधोमध. नवारीची, कसून विणलेली, पायांना जुन्या टायरचे तुकडे ठोकलेली. खाटेवर पुंडलिकभाऊ बसलेले. त्यांच्या हातात चहाची बशी. कप खाली जमिनीवर.

वळणावरून मोटरसायकल भरधाव येते. खाट दिसते. करकचून ब्रेक लागतो. भाऊ बशीतला एक घोट घेतात, मिशी पुसतात आणि अगदी आपुलकीनं विचारतात, "काऊन बे, जलंबची गाडी सुटून राह्यली काय तुही?"

खामगावहून मोठ्या लाइनची गाडी धरायची तर आधी जलंब गाठावं लागतं. त्यामुळे जगात जो कोणी घाईत असेल त्याला जलंबची गाडीच गाठायची आहे, अशी भाऊंची पक्की समजूत. दूधवाला, बँकेतला साहेब, मुलाला शाळेत सोडणारी आई, सगळ्यांना हाच प्रश्न.

एकदा एक टेंपोवाला उखडला. "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का हो?"

"बापाचा नाई, आज्याचा," भाऊ म्हणाले. "बापाच्या टायमाले एवढ्या गाड्याच नोत्या."

एका वरातीला तर त्यांनी खाट हटवायला साफ नकार दिला आणि नवरदेवालाच घोड्यावरून उतरवून खाटेवर बसवलं. "बसू द्या त्याले घडीभर. पुढं काई बसाले भेटत नाई." नवरदेव बसलाही. मात्र रुग्णवाहिकेचा आवाज कानी पडला की हाच म्हातारा खाट डोक्यावर घेऊन पुढे धावत सुटायचा, "सरका बे! सरका!" करत. रुग्णवाहिका मागे, खाट पुढे. आतल्या माणसाला धडकीच भरायची.

भाऊंचं दोरखंडाचं दुकान होतं. सुतळी, नवार, बैलांच्या वेसणी. आता दुकान बंद आहे, पण माणूस अजून तसाच पिळाचा.

आमची गल्लीही जुन्या पिळाची. कापसाच्या बाजाराच्या दिवसांत वसलेली. घरांचे दगडी ओटे कमरेइतके उंच, कारण बैलगाडीचा तळ आणि ओटा एका पातळीत हवा. गाडी लावली की कापसाचे बोजे सरळ ओट्यावर सरकवायचे. पुढे बैलगाड्या गेल्या, बोजे गेले, ओटे राहिले आणि त्यांच्यावर माणसं बसू लागली. समोरच्या ओट्यावर रशीदभाई गाद्या भरतात. बाया दुपारी डाळी निवडतात. आमच्याकडे कोणाला भेटायचं असलं तर बेल वाजवावी लागत नाही, नुसतं ओट्यापुढून जावं लागतं.

मला हे सगळं आवडायला बराच काळ लागला. मी नाशिकहून लग्न होऊन आले तेव्हा माझ्याबरोबर पितळेची भांडी, एक पदवी आणि एक मोपेड आली होती. तिन्हींचा मला सारखाच गर्व होता आणि तिन्हींपैकी एकही धड वापरता येत नव्हतं. डोळ्यांना काळा गॉगल लावून मी या गल्लीतून जायची तेव्हा मला वाटायचं, गल्ली थक्क होऊन पाहते आहे. गल्ली खरंच पाहायची. मी पडते कधी, याची वाट.

वळणावरचा कोपऱ्यातला ओटा भाऊंचा आणि त्यावर सुभद्राबाई, भाऊंच्या पत्नी. मांडीवर सूप. ओट्याच्या एका चिऱ्याला मिरची-लसूण कुटून कुटून वाटीएवढा खळगा पडलेला. त्याच्या शेजारी त्यांची जागा. समोरून जाणारा माणूस असो की गाय, सुभद्राबाईंचा प्रश्न ठरलेला, "कुठी चालल्या वं माय? बसा ना जरा." त्यांना उत्तर दिल्याशिवाय ते वळण कोणी ओलांडत नसे. मला भारी राग यायचा. आमच्या नाशकात लोक शेजारणीला कुठे चाललात म्हणून विचारत नाहीत, तिच्या माघारी अंदाज बांधतात. मी नाक वर करून "काम आहे" म्हणायची आणि निघून जायची. काम कसलं डोंबलाचं!

एक दिवस तो प्रश्न चुकवायचा म्हणून मी वळणावर मोपेडचा कान पिळला आणि थेट ओट्यावर जाऊन आदळले. मोपेड खाली, मी वर, सुभद्राबाईंच्या सुपात. केसांत तुरीची डाळ. त्या अवस्थेतही मी उभी राहिले आणि भाषण ठोकलं, "हा ओटा आधी पाडायला हवा! रहदारीला अडथळा आहे!"

सुभद्राबाई माझ्या वेणीतली डाळ वेचत म्हणाल्या, "ओट्यानं काय केलं वं माय? थो तं जागचा हाल्ला बी नाई." मग शेवटचा दाणा सुपात टाकून, "कुठी चालल्या होत्या?"

एवढं सगळं होऊनही प्रश्न काही चुकला नाही. आणि भाऊ दुकानातून पळत आले ते सरळ खाली वाकून चिरे चाचपू लागले. "ओट्याले लागलं तं नाई ना?"

सुभद्राबाई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. खाट त्यानंतरची. त्याच सुमारास मोठ्या रस्त्यावर गाड्या तुंबायला लागल्या आणि मोबाइलमधल्या बाईनं आमची गल्ली शोधून काढली. "डावीकडे वळा," असं ती गोड आवाजात सांगते आणि अख्खं शहर आमच्या वळणावर येऊन पडतं. "थ्या बाईले सांग बे, इथी खाट हाय म्हणून," असं भाऊ पोरांच्या फोनमध्ये तोंड घालून ओरडायचे.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. पाठीमागे स्वतःचा एवढा ऐसपैस ओटा असताना हा माणूस त्यावर कधी बसत नसे. "दगड थंडा लागते," म्हणायचे. भर मे महिन्यातही थंडा लागायचा.

गेल्या हिवाळ्यात नगरपालिकेच्या इंजिनिअर मॅडम गल्लीत आल्या. तरुण, हसतमुख, हातात टेप. गाड्या वाढल्यात, वळण धोक्याचं झालंय, काहीतरी करावं लागेल म्हणाल्या. त्याबरोबर गल्लीचे दोन तट पडले. रशीदभाई म्हणाले, "मॅडम, ओटे गेले तर ही गल्ली नाही राहणार, नुसता रस्ता राहील." आणि माझी सून म्हणाली, "ओटे सुंदर आहेत हो, पण पोरगी शाळेतून घरी येईपर्यंत माझा जीव दारात टांगलेला असतो." दोघांचंही खरं होतं. मी ज्याच्या घरी चहा मिळेल त्याच्या बाजूनं बोलत होते.

मॅडमनी दोन्हीकडून चालून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "बाकीच्या ओट्यांना हात लावायची गरज नाही. फक्त या कोपऱ्यातल्या ओट्यामुळे पलीकडचं दिसत नाही. हा काढावा लागेल."

तो भाऊंचा.

"पलीकडचं दिसत नसन," भाऊ खाटेवरून म्हणाले, "पण मी तं दिसतो ना? मले पाहून थांबते ना गाडी?"

"थांबते, काका. पण तुम्ही नसाल तेव्हा?"

भाऊंनी बशी तोंडाला लावली. बशी रिकामी होती, तरी घोट घेतल्यासारखं केलं. "मी कुठी जातो?" म्हणाले.

गेलेच. मलकापूरला त्यांच्या लेकीकडे नातीचं बारसं निघालं. जाताना खाट रशीदभाईंच्या हवाली केली, त्यांना खाटेवर कसं बसायचं, बशी कशी धरायची, सगळं शिकवून. रशीदभाईंनी इमानानं खाट टाकलीही. दुपारी कापसाचा टेंपो आला, कोणीतरी खाट बाजूला केली आणि ती बाजूलाच राहिली. त्याच वेळी मी आमच्या ओट्यावरून उतरून वळणालगतच्या भाजीच्या गाड्यावर मेथीची जुडी उलटीपालटी करत होते.

मोटरसायकल त्या कोपऱ्यातून आली. तिच्यावरच्या पोरानं मला पाहिलंच नाही, कारण भाऊंच्या ओट्याआड मी आणि ओट्याआड तो. माझं मनगट मोडलं. पोरगा माझ्याहून जास्त रडला. त्याला मीच पाणी द्यायला लावलं. म्हातारपणी एवढा देखणा मुलगा आपल्यासाठी रडतो आहे, हे काही कमी नव्हे. पण रात्री सून माझ्या गळ्यात हाताची झोळी बांधत होती तेव्हा तिनं तीच गाठ दोनदा सोडून पुन्हा बांधली. तिला मेथीच्या गाड्यापाशी मी दिसत नव्हते, स्वतःची पोरगी दिसत होती, हे मला कळत होतं.

भाऊ मलकापूरहून परतले ते बारशाचे पेढे घेऊन आमच्याच दारात. पेढ्याचा हात पुढे आणि नजर माझ्या प्लास्टरवर. मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, घाबरू नका. ओट्याला काही लागलेलं नाही."

ते हसले नाहीत. आमच्या ओट्याच्या कडेला टेकले. पेढे हातातच.

"वयनी," म्हणाले, "लोकं म्हणते, पुंडलिकभाऊ लोकायचा जीव वाचवून राह्यला. झूट हाय थे. म्या लोकायसाठी खाट टाकतच नोतो. गाड्या हळू गेल्या तं ओटा कोनाले नडनार नाई. नडला नाई तं कोनी पाडनार नाई. एवढंच डोक्स होतं माहं." मग त्या कोपऱ्याकडे हात केला. "थिची जागा हाय थे. म्या त्याच्यावर बसलो तं थे जागा मोडन, म्हनून बसत बी नोतो. आन आता तुमचा हात मोडून ठेवला म्या."

मी एक पेढा खाल्ला आणि एक त्यांच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी खाट आली नाही. आमचा चहा आटून गेला, कारण खाट दिसल्याशिवाय दूध ओतायची आम्हाला सवयच नव्हती. बाहेर पाहिलं तर भाऊ ओटा धूत होते. बादलीनं पाणी घालून, खराट्यानं, फटीफटीतून. धुऊन झाल्यावर त्या खळग्यातलं पाणी स्वतःच्या उपरण्यानं टिपलं. मग पहिल्यांदाच ओट्यावर बसले, खळग्यापासून जरा अंतर सोडून, आणि बशीभर चहा प्यायले. चहा संपवून टोपी घातली आणि नगरपालिकेत गेले.

मॅडमना काय, मजूर पाठवून ओटा उखडता आला असता. त्या स्वतः आल्या, भाऊंच्या शेजारी बसल्या आणि रस्त्यावर खडूनं आखून दाखवलं. कोपरा मोकळा करायचा, म्हणजे दोन्हीकडचं लांबून दिसेल. आणि ओट्याचे तेच चिरे वळणावर रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत थोडे उंच बसवायचे. गाडी त्यावर चढेल तेव्हा तिला हळू व्हावंच लागेल, आणि माणसांना ओलांडायला पायाखाली सपाट जागा राहील.

"चिरे इथीच राहतीन?" भाऊंचा एवढाच प्रश्न. "ट्रॅक्टरमधी भरून तं नाई नेणार?"

"इथेच राहतील, काका. जरासे पुढे सरकतील, बस."

भाऊंनी मान हलवली. रशीदभाईंनी नको नको म्हणत मान हलवली. माझ्या सुनेनं डोळे पुसले. तिला स्वतःला हवं तेच झालं होतं, तरी पुसले.

चिरे निघायला लागले तेव्हा भाऊ मजुरांच्या डोक्यावर उभे. "हळू बे, हळू! जलंबची गाडी..." एवढं म्हणतात तोच खळग्याचा चिरा बाहेर निघाला. तो रस्त्यात बसवण्यासारखा नव्हता. पाणी साचलं असतं, चाक अडकलं असतं. मजूर तो कुठे ठेवायचा म्हणून भाऊंकडे पाहू लागले. भाऊ माझ्याकडे पाहू लागले, आणि लगेच दुसरीकडे.

"आमच्या ओट्यावर आणा," मी म्हटलं. "आमचा ओटा सरळ गल्लीत आहे. तो कोणाच्या आड येत नाही. माझ्याशिवाय."

आता वळणावर गाड्या हळू होतात. मोबाइलमधली बाई अजून "डावीकडे वळा" म्हणते, पण दगडांवर चढताना तिचाही आवाज जरा हिंदकळतो. भाऊंची खाट त्यांच्या अंगणात उभी करून ठेवली आहे. तिच्यावर मिरच्या वाळतात.

परवा माझं प्लास्टर काढलं. दवाखान्यातून ऑटोनं आले. ऑटो वळणावर हळू झाला, दगडांवरून अलगद उतरला, मी पायउतार झाले. आमच्या ओट्यावर भाऊ बसले होते. त्या चिऱ्याशेजारी, खळग्यापासून जरा अंतर सोडून. खळग्यात कोणीतरी चिमण्यांसाठी पाणी घातलं होतं.

समोरून जाणाऱ्या भाजीवाल्याला ते काहीतरी विचारत होते. मग त्यांनी मला पाहिलं. हा माणूस मला आयुष्यभर वयनी म्हणत आला आहे.

"कुठी चालल्या वं माय?" ते म्हणाले. "बसा ना जरा."

घर माझं, ओटा माझा, आणि मी माझ्याच दारात चालले होते. तोंडात जुनं उत्तर तयार होतं, काम आहे. ते गिळलं.

"कुठी नाई," म्हटलं, आणि बसले.