हैबतीचा राब

शनिवारी दिवस मावळायच्या आत गंधार सरांच्या स्काउट पथकाने हैबतीच्या शेताचा मोठा तुकडा झाडून लख्ख केला. नाते गावच्या शिवारात पथकांची शिबिर-स्पर्धा भरली होती. तंबूसमोरच कुणीतरी पाला, फांद्या, गवत आणि वाळलेले शेण पसरून ठेवले होते. महाडच्या बाजारपेठेत वाढलेल्या मुलांना तो कचरा वाटला. गंधार सरही बाजारपेठेतलेच.

तो कचरा नव्हता. तो राब होता.

भाताचे रोप टाकायच्या जागेवर शेतकरी हे सगळे थरावर थर रचतो आणि मग भाजतो. त्यासाठी हैबतीने डोक्यावरून भारे वाहिले होते. पण हे सांगायला तो जागेवर नव्हता. पोलादपूरला लग्नाला गेला होता.

आणि स्वच्छतेला गुण होते. गुणांची निकड होती, कारण मुख्याध्यापक दत्तोपंतांनी बजावले होते: यंदा स्पर्धेची ढाल आली नाही, तर शनिवारचा स्काउटचा तास गणिताला. गणित दत्तोपंतच शिकवत.

तेव्हा मुलांनी गळ्यातले स्कार्फ नाकाला बांधले आणि शेणसुद्धा सोडले नाही. सगळे बांधापलीकडच्या रिकाम्या जागेत नेऊन टाकले. ढीग दिसला तर गुण कापतील, म्हणून पथकनायक साहिलने ते नीट, सारखे पसरायला लावले.

बांधापलीकडची जागा ठकूबाईची. ठकूबाई म्हणजे हैबतीची थोरली भावजय. बांधावरच्या फणसावरून दोघांचे बोलणे बंद होऊन इतकी वर्षे झाली होती, की तो फणसही एव्हाना धरेनासा झाला होता. गुडघ्यांमुळे यंदा तिला राब घालता आला नव्हता.

रविवारी सकाळी हैबती परतला.

(इथे हैबतीच्या बोलण्याचा एक परिच्छेद होता. शिबिरात लहान मुले असल्याने तो गाळला आहे.)

गंधार सरांनी माफी मागितली, होते तसे करून देतो म्हणाले. मुलांनी टोपल्या उचलल्या, बांध ओलांडला, आणि जागीच थबकली. ठकूबाई उभी होती. हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. ती मुलांच्या डोक्यांवरून पलीकडे पाहत होती.

"भावजी," ती म्हणाली.

हैबतीने मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

"माजे गुडगे दुखतात, ते तुमाला कोनी सांगितलं?"

हैबती मुंडासे सोडून पुन्हा बांधू लागला.

"राब घातलात, नि बोलला नाय कोनाला."

हैबतीने राबाकडे पाहिले. त्यातली फांदी न् फांदी त्याच्या ओळखीची होती. मग त्याने भाकऱ्यांकडे पाहिले.

"घातला," तो पुटपुटला. "त्यात काय."

मुलांनी टोपल्या हळूच खाली ठेवल्या.

नेमक्या तेव्हा परीक्षक प्रमोदिनीबाई आल्या. स्वच्छता उत्तम निघाली, तंबू ताठ निघाला. पथक पोलादपूरच्या पथकाच्या बरोबरीत आले. उरले रोजच्या सत्कृत्याचे गुण. काल कोणाला काय मदत केली, असे बाईंनी साहिलला विचारले.

साहिलने बांधाकडे पाहिले. तिथे ठकूबाई भाकरी मोडून देत होती आणि हैबती मान खाली घालून खात होता. त्या आजींचा राब आम्ही घातला, एवढे म्हटले असते तर ढाल महाडची होती. गंधार सर आकाशाकडे पाहू लागले.

"मदत कोणालाच नाही केली, बाई," साहिल म्हणाला.

ते खोटेही नव्हते. त्यांनी फक्त झाडले होते.

ढाल पोलादपूरला गेली. दुपारभर पथकाने रानातून पाला आणून हैबतीच्या शेतात टाकला. जेमतेम कोपरा भरला. पाला वाहता वाहता मुलांनी गणिताचे सगळे दुःख बोलून दाखवले. ठकूबाई बांधावर बसून ऐकत होती. हैबतीचा राब गेला कुठे, हे मात्र तिने विचारले नाही.

सोमवारी दत्तोपंतांनी वेळापत्रक बदलले.

मग शनिवार. गणित. फळ्यावर वर्तुळ, आणि वर्गाच्या दारात हैबती. त्याच्या मागे ठकूबाई.

तक्रार घेऊन आले होते. या पोरांनी राब उचलून शेताची नासाडी केली, शाळेला हे शोभते का, असे हैबती म्हणाला. दत्तोपंतांच्या हातातला खडू मोडला. ठकूबाईने पिशवीतून स्काउटचा एक स्कार्फ काढून टेबलावर ठेवला. धुतलेला, घडी घातलेला. तिला तो तिच्या राबात सापडला होता. गेल्या रविवारी, भाकऱ्या थापायच्या आधी. हैबतीला हे तिने येताना एसटीत सांगितले होते.

दत्तोपंतांनी हात जोडले आणि काय करू ते सांगा म्हणाले.

"भरून द्यायला पायजे," हैबती करड्या आवाजात म्हणाला. "दर शनवारी पोरं पाठवा. सर पन. राब पुरा होईस्तवर."

"मंग भाजनी हाय," ठकूबाई म्हणाली. "मंग पेरा. मंग लावनी."

दत्तोपंतांनी शरमेने शनिवारचे गणित खोडले. मुले दप्तरे आवरू लागली, जमतील तितके दुःखी चेहरे करून. डबे बरोबर देतो, तुम्हांला आणखी त्रास नको, असेही दत्तोपंत म्हणाले.

"डबे नको," ठकूबाई म्हणाली. "शिक्षा ती शिक्षा. उपाशी पाठवा."