उतरून राम राम

अर्जुनरावांना सायकल चालवता येत नव्हती, ही गोष्ट त्यांच्या समजुतीप्रमाणे गावात फक्त एकाला माहीत होती. तो म्हणजे सायकलवाला रहेमतुल्ला. गाव कोणतं ते सांगत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं, तालुक्याचं, चिखलीपासून फार लांब नाही, एवढं पुरे. तिथल्या लोकांचा राग उगाच कशाला ओढवून घ्यायचा?

अर्जुनराव नगरपालिकेत हेडक्लार्क होते. लग्नात त्यांना दुसरबीडच्या सासऱ्यांनी, पंजाबरावांनी, हिरवी सायकल दिली होती. ती घेऊन ते रोज घरून निघत आणि रोज कचेरीत पोचत. फक्त मधल्या रस्त्यात सायकल त्यांच्या खाली नसे, बाजूला असे.

हे खपून गेलं ते गावाच्या रीतीमुळे. सायकलवर बसलेल्यानं वडीलधारं माणूस दिसलं की उतरायचं, राम राम घालायचा, आणि ते पुढे गेल्यावरच पुन्हा टांग मारायची. मुख्य रस्त्यावर वडीलधारे पावलोपावली. वैद्य झाले की अडते, अडते झाले की मशिदीच्या पायरीवर कादरचाचा. अर्जुनराव एकाला राम राम, दुसऱ्याला सलाम करत सायकल हातात धरून चालत राहायचे. लोक म्हणायचे, "मोठ्या मान्सासमोर हा गडी कधी सायकलवर बसलेला दिसला नाही." त्यात खोटं काहीच नव्हतं.

अशातच नगराध्यक्ष गुलाबराव पुण्याला जाऊन आले आणि घात झाला.

"अर्जुनराव, पुन्यात वकील सायकलवर, डाक्टर सायकलवर, बाया सायकलवर! ना धूर, ना शेन. अन् आपल्या इथं कापसाचा ट्रक आडवा झाला की अर्धा दिवस रस्ता बंद. आपुन मुख्य रस्त्यावरून ट्रक, टांगे, बैलगाड्या समदं बाहेरून वळवू. सायकलीचं गाव करू!"

"फार चांगलं हाय, साहेब," अर्जुनराव म्हणाले. साहेबांच्या प्रत्येक योजनेला ते हेच म्हणत.

"रविवारी सायकलफेरी काढू. वरच्या देवळापासून खाली यष्टी स्टँडपर्यंत. समद्याइच्या पुढं तुमी."

"मी? मी काऊन?"

"तुमच्यावानी सायकल सांभाळनारा हाय काय कोनी गावात? इतके वर्सं झाले, एक वरखडा नाही तिच्यावर!"

घरी पुष्पाबाईंना बातमी आधीच पोचली होती. "बाबाले निरोप धाडला," त्या उजळलेल्या चेहऱ्यानं म्हणाल्या. "रविवारच्या यष्टीनं येऊन राह्यले ते, जावयाले सायकलवर पाहाले. अन् मंग एक दिवस मलेबी मांगं बसवा. कंपाउंडरची बायको बसते डबलशीट."

नोकरी जाणार नव्हती, पगार कापला जाणार नव्हता. पण इतक्या वर्षांची अब्रू, बायकोसमोर आणि सासऱ्यासमोर, उतारावर सांडणार होती.

ते तडक रहेमतुल्लाकडे गेले. दोघे एका बाकावर शिकलेले.

"शिकवतो ना," रहेमतुल्ला म्हणाला. "पहाटे माळावर ये. तिथं कोन पाह्यते तुले?"

पहाटे माळावर निम्मं गाव तांब्या घेऊन आलेलं असतं, हे दोघेही विसरले. अर्जुनरावांनी टांग वर केली की एखाद्या बाभळीमागून आवाज यायचा, "काय अर्जुनराव, आज इकडं?" आणि सवयीनं त्यांचा पाय खाली यायचा. रविवार उजाडेपर्यंत रहेमतुल्लानं मागून धरलं तर सीटवर बसून राहणं, एवढीच विद्या त्यांना आली.

"पन उतराचं कसं बे?"

"पयले चढ तर. उतरनं सायकल सोताच शिकवते."

तेव्हा अर्जुनरावांनी डोकं लढवलं. मोतीराम गुरुजींनी अर्धं गाव शिकवलं होतं. फेरीच्या पुढे गुरुजी चालले, तर मागे सायकलवर बसायची कुणाची छाती? सगळी फेरीच हातात सायकल धरून चालेल, आणि त्यात आपण. ते गुरुजींना बोलावून आले. "येईन की, अर्जुना," असं म्हणून गुरुजींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

रविवारी देवळासमोर सायकलींची ही गर्दी. गुरुजी आले. गुलाबरावांनी हार घातला आणि दोन शब्द बोलायची विनंती केली. गुरुजी म्हणाले, "आज माझ्यासाठी कुणी खाली उतरू नये. माझे गुडघे दुखतात, मी इथं बसूनच पाहतो. आज सगळ्या वडीलधाऱ्यांच्या वतीनं तुम्हाला माफी!"

टाळ्या पडल्या. आपल्या योजनेचं असं श्राद्ध होताना अर्जुनराव हार घातलेल्या गुरुजींकडे बघतच राहिले. तेवढ्यात मागून रहेमतुल्ला पुटपुटला, "या अल्ला, बस लवकर!" आणि त्यानं त्यांना सीटवर चढवून ढकललंच.

पुढे उतार होता, त्यामुळे सायकलीला अर्जुनरावांची फारशी गरज उरली नाही. हँडल थोडं डावीकडे गेलं, थोडं उजवीकडे गेलं आणि मग सरळ झालं. वारा सदऱ्यात शिरला. दुकानं मागे पळू लागली. आणि एकाएकी, भीतीच्या ऐन मध्यात, अर्जुनरावांना फार आनंद झाला. एवढी मजा असते होय यात, असं त्यांना वाटलं, आणि वाया गेलेल्या वर्षांचं वाईटही वाटलं.

वैद्य उभे राहिले, अर्जुनराव गेले. कादरचाचांनी हात उचलला, अर्जुनराव गेले. हँडलवरचा हात काढून सलाम करण्याइतकी प्रगती अजून झालेली नव्हती. मागची फेरी मोठ्या उत्साहानं घंट्या वाजवत येत होती.

खाली स्टँडवर नुकतीच यष्टी लागली होती. हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी घेऊन पंजाबराव उतरले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून जावयाची वाट पाहू लागले. माफीचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. समोरून जावई आला, पण उतरायचं नाव घेईना.

सासऱ्यांसमोर सायकलवर! अर्जुनरावांना आयुष्यात पहिल्यांदा मनापासून उतरावंसं वाटलं. त्यांनी पुढचा ब्रेक जिवाच्या आकांतानं दाबला. सायकल थांबली, अर्जुनराव थांबले नाहीत. हँडलवरून ते जे गेले, ते थेट पंजाबरावांच्या पायांशी पालथे पडले. दोन्ही हात पुढे, कपाळ सासऱ्यांच्या जोड्यांवर.



"साष्टांग!" गुलाबराव भरल्या गळ्यानं ओरडले. "माफी असूनबी सासऱ्याले साष्टांग! चालत्या सायकलीवरून!"

मागची सगळी मंडळी धडाधड उतरली. काही नुसती उतरली, काही एकमेकांवर पडून उतरली. पंजाबरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऊठ बापा, ऊठ," ते म्हणाले. "इतका मान कोनी देते काय?"

त्याच आठवड्यात पालिकेनं रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाट्या लावल्या: वडीलधाऱ्यांचा मान राखून सायकलस्वारांनी या रस्त्यावर पायी चालावे. ट्रक, टांगे, बैलगाड्या फेरीच्या दिवसापासूनच बाहेरून वळवल्या होत्या. आता सायकलीही खाली आल्या. धूर गेला, शेण गेलं, म्हातारे रस्त्यात बाजा टाकून बसू लागले. पुण्यालाही जमलं नाही ते आपण केलं, असं गुलाबराव सांगत सुटले. सगळं गाव आता अर्जुनरावांसारखं चालत होतं.

नाराज होते फक्त अर्जुनराव. तो उतार काही केल्या त्यांच्या मनातून जात नव्हता.

गुडघ्याला हळद लावताना पुष्पाबाई म्हणाल्या, "मंग, येते का आता चालवता?"

"आता म्हंजे?"

"तुमच्या धोतराले कधी चेनचं काळं लागलं नाही. धुनं मीच धुतलं ना इतके वर्सं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"बाबानं देल्ली होती ना सायकल. त्याइले वाईट वाटलं असतं. अन् तुमालेबी."

अर्जुनरावांना लाज वाटली आणि मग एकदम हलकं वाटलं. पुढच्या रविवारी संध्याकाळी ते दोघं सायकल हातात धरून, सगळ्यांना राम राम घालत, चिखलीच्या रस्त्यावर नाक्याच्या पलीकडे गेले. तिथं पाटी नव्हती, बाज नव्हती. एका दगडावर पाय टेकवून अर्जुनराव चढले, पुष्पाबाई पदर खोचून मागे बसल्या, आणि हेलकावे खात का होईना, सायकल निघाली. पुष्पाबाई लहान मुलीसारख्या हसत होत्या.

वळण घेतलं तर समोरून काठी टेकत मोतीराम गुरुजी.

"अवो, उतरा ना! गुरुजी हायेत!"

"उतरताच तं येत नाही अजून!"

गुरुजी थांबले. त्यांनी चष्मा नीट केला, दोघांना पाहिलं, आणि सावकाश पाठ फिरवून ज्वारीच्या शेताकडे तोंड करून उभे राहिले. जणू त्या ज्वारीत त्यांना फार महत्त्वाचं काही दिसत होतं. सायकल त्यांच्या मागून निघून गेली तरी ते वळले नाहीत.

सायकल बरीच पुढे गेल्यावर मात्र मागून त्यांचा वर्गातला आवाज आला, "अर्जुना! आधी मागचा ब्रेक दाबायचा!"