जस्तनगरीत कूस बदलली त्याची गोष्ट

एका जंगलात, मुलांनो, एक अस्वल लोहारकी करायचं. त्याच्या ऐरणीवर जस्ताचा गोळा होता आणि त्या गोळ्यात अख्खी नगरी नांदत होती. हसू नका. तुमच्या गल्लीपेक्षा नीटनेटकी होती.

नगरीतले सगळे कण षट्कोनी रांगोळीसारखे मांडलेले. थरावर थर. कायदा एकच: वरून ठोका आला, की आपापल्या थरानं आडवं सरकायचं. सरकायची प्रजा, आणि लवचिक म्हणून मिरवायचा राजा षट्कोनराव.

अस्वलाला हवं होतं टमरेल. राजाला वाटायचं, आपला मुकुट होणार.

तिरके घाव बसत होते तोवर थर सरकत होते. एक दिवस घाव बरोब्बर डोक्यावर आला. आता आडवं सरकून काय होणार, कपाळ? थर एकमेकांवर दाबले गेले. कुणालाच हलता येईना. कडेला बारीक चीर पडली.

त्याच कडेला यमक्का नावाच्या कणाची धाकटी बहीण पारू उभी होती.

“अक्के, माझ्या पायाखाली उकलतंय गं!”

यमक्का मधल्या थरातली. तिचा जीव गोळा झाला. ती राजाला म्हणाली, “महाराज, आम्हाला कूस बदलू द्या.”

“कायद्यात फक्त सरकणं आहे.”

“सरकायला जागा दाखवा की मग!”

“निष्ठेनं उभी राहा.”

“मी राहीन हो. बहीण जाईल ना माझी!”

राजानं मिशीला पीळ भरला. यमक्का शेजारणींकडे वळली. “बायांनो, उडी नको, धावाधाव नको. प्रत्येकीनं खालचीपेक्षा किंचित जास्त कलायचं. पण एकदम. एकटीनं शहाणपणा केला तर मरू.”

“आणि राजेसाहेब?”

“त्यांना मान असती तर त्यांनीही वळवली असती.”

कर्रर्र! धातू किंचाळला आणि बायांच्या थरांची पट्टीच्या पट्टी वळली. आरशात दिसावी तशी, नगरीची उलटी छबी. त्या कलण्यानं थोडा घाव गिळला. शिवाय तोंडं फिरल्यामुळे त्या बायांच्या थरांना सरकायला नवी वाट मिळाली. चीर पारूच्या पायाशी येऊन थांबली.

“फितुरी!” राजा कडाडला. “आत्ताच्या आत्ता सरळ व्हा!”

“उलटा घाव बसल्याशिवाय होता येत नाही, महाराज. तुमच्या हुकमात तेवढा जोर कुठला?”

राजा उभा होता त्या कोपऱ्यात वळायला सक्त बंदी होती. पुढचा घाव नेमका तिथं पडला. कोपरा राजासकट काडकन तुटला आणि राखेत गेला. अस्वलानं नाक शिंकरलं आणि उरलेल्या गोळ्याचं टमरेल केलं.

टमरेलात पहिलं काम काय झालं असेल? न वाकलेल्या राजाचं स्मारक. चौकशीही झाली. कोपरा यमक्काच्या पट्टीमुळेच तुटला, असा निकाल लागला.

स्मारकापुढे भाषण करायला पारू उभी राहिली. डोळे पुसत म्हणाली, “आमच्या घरातली एक वळली, याची मला जन्मभर लाज वाटेल.”

टाळ्यांनी टमरेल दणाणलं.

तात्पर्य: मोडणाऱ्याचा पुतळा होतो आणि वळणाऱ्याची चौकशी. म्हणून मुलांनो, तुम्ही यापैकी काहीच होऊ नका. पारू व्हा. वळायला घरात दुसरं कुणीतरी असतंच.